खंडेनवमीची जीप

हिंगोलीचा दसरा मराठवाड्यात नावाजलेला आहे. खाकीबाबा मठाशी जोडलेला हा उत्सव दीडशेहून अधिक वर्षे चालत आला आहे. रामलीला मैदानावर प्रदर्शन भरते, रामलीला होते, विजयादशमीच्या रात्री रावण जळतो. आदल्या दिवशी, खंडेनवमीला, जिल्ह्यातल्या घराघरांत जे होते त्याची मात्र कुठे जाहिरात नसते. विळा, कुऱ्हाड, औताचा फाळ, सुताराची पटाशी, गॅरेजमधले पाने, ट्रॅक्टर, मोटारसायकल, कुणाकडे असलीच तर पणजोबांची तलवार, हे सगळे पुसून, हळदकुंकू लावून, झेंडू वाहून मांडले जाते. या मांडणीत दुसऱ्या महायुद्धातली जीप ठेवता येईल का, आणि ठेवली तर आपण नेमकी कशाची पूजा करतो, हा इथला प्रश्न आहे. लष्कराने काढून टाकलेल्या गाड्या लिलावात किंवा भंगारात मिळवून, गंज खरवडून, रेड ऑक्साइड मारून, पुन्हा मूळच्या हिरव्या रंगात आणणारे लोक महाराष्ट्रात आहेत. पुण्याच्या जुन्या बाजारात आणि मुंबईच्या चोर बाजारात ब्रिटिश फौजेचे हेल्मेट, १९३७ च्या बनावटीचे कॅनव्हासचे पट्टे, काडतुसांच्या पिशव्या आणि पाण्याच्या बाटल्या हुडकणारेही आहेत. हा नुसता छंद असता तर त्यावर धर्माच्या अंगाने विचार करायचे कारण नव्हते. पण या वस्तू माणसे मारण्यासाठी, किंवा मारणाऱ्यांना रणांगणावर पोचवण्यासाठी केलेल्या आहेत. आणि त्या ज्या फौजेच्या होत्या तिने हा देश ताब्यात ठेवला होता. एवढे माहीत असून त्या जपायच्या, चकचकीत करायच्या, वर त्यांना फूल वाहायचे, याला समर्थन लागते. माझे म्हणणे असे की वस्तूला दोष चिकटत नाही, पण ऋण चिकटते. जपण्याचा अधिकार त्या ऋणातूनच येतो आणि त्याची मर्यादाही तिथेच ठरते.

हिंगोलीला हा प्रश्न परका नाही, कारण हे गाव बराच काळ छावणीचे होते. निजामाच्या नावाने आणि ब्रिटिश अधिकाऱ्यांच्या हाताखाली चालणाऱ्या हैदराबाद कंटिन्जंट नावाच्या फौजेचे इथे ठाणे होते. बोलारम, औरंगाबाद, एलिचपूर, मोमिनाबाद म्हणजे आजचे अंबाजोगाई, आणि हिंगोली अशा तिच्या छावण्या पसरल्या होत्या. फौज इंग्रजांच्या कामाची, पगार निजामाच्या खजिन्यातून, आणि खजिना भरायचा इथल्या कुणब्याच्या साऱ्यातून. हा पगार थकत गेला, त्याचे कर्ज झाले, आणि त्या कर्जापोटी १८५३ च्या तहाने वऱ्हाडसारखा कापसाचा सुपीक मुलूख निजामाला ईस्ट इंडिया कंपनीच्या हवाली करावा लागला. म्हणजे इथल्या लष्करी सामानामागे ऋण आहे हे म्हणणे अलंकारिक नाही, त्याची वहीखात्यात नोंद आहे. १९०३ मध्ये कंटिन्जंट हिंदुस्थानच्या फौजेत विलीन झाली आणि हिंगोलीची छावणी उठली. पण पलटणी मोडल्या नाहीत, नावे बदलत राहिल्या. पायदळाची पुढे १९ वी हैदराबाद रेजिमेंट झाली आणि १९४५ मध्ये कुमाऊं रेजिमेंट. ३ नोव्हेंबर १९४७ ला बडगामला पडलेले, देशाचे पहिले परमवीर मेजर सोमनाथ शर्मा याच रेजिमेंटच्या चौथ्या बटालियनचे. घोडदळाच्या एका धारेतून डेक्कन हॉर्स घडली. तिने १९४५ मध्ये ब्रह्मदेशात शेरमन रणगाडे चालवले आणि १९६५ मध्ये असल उत्तरच्या लढाईत पाकिस्तानच्या पॅटन रणगाड्यांसमोर शेरमनच उभे केले. दुसऱ्या महायुद्धाचे सामान घेऊन स्वतंत्र भारताचे सैन्य वीस वर्षांनी लढते, तेव्हा ते सामान ब्रिटिशांचे की आपले, हा प्रश्न वाटतो तितका सरळ राहत नाही.

आधी दोषाचे पाहू. हिंगोलीच्याच छावणीतली एक गोष्ट त्यासाठी कामाला येते. निजामाच्या सेवेतला अधिकारी फिलिप मेडोज टेलर याने १८३९ मध्ये ठगांवरची आपली प्रसिद्ध कादंबरी छापली. तिच्या प्रस्तावनेत हिंगोलीच्या हरिसिंग नावाच्या ठगाची हकीकत आहे. हा इसम गावात प्रतिष्ठित व्यापारी म्हणून वावरत होता. मुंबईहून कापड आणण्यासाठी त्याने अधिकाऱ्याकडून रीतसर परवाना घेतला. ते कापड दुसऱ्याच एका व्यापाऱ्याचे होते आणि वाटेवर होते. हरिसिंगाने तो व्यापारी आणि त्याची माणसे मारली, माल परवान्यावर हिंगोलीत आणला आणि छावणीत उघडपणे विकला. पकडला गेल्यावर त्याने स्वतःच सांगितले नसते तर कुणाला कळलेही नसते. ठगीच्या कहाण्या इंग्रजांनी राज्यविस्ताराच्या सोयीसाठी फुगवल्या, असे अनेक इतिहासकार म्हणतात आणि त्यांच्या म्हणण्यात तथ्य आहे. तरी आपल्या प्रश्नापुरते तपशिलाचे मोल कमी होत नाही. ज्यांनी ते कापड घेतले, त्याचे अंगरखे शिवले, नेसले, ते पापी झाले का? कापडाच्या धाग्यात खून होता का? कुणीही नाही म्हणेल. पण त्या मारलेल्या व्यापाऱ्याचा मुलगा हिंगोलीत आला असता आणि त्याने ते कापड ओळखले असते, तर घेणाऱ्याला मान खाली घालून काहीतरी उत्तर द्यावे लागले असते, हेही कुणी नाकारणार नाही. दोष हरिसिंगाचा आणि त्याच्यापाशी संपणारा. देणे मात्र मालाबरोबर हातोहात फिरत राहिले.

वस्तूच्या ठायी पवित्रपण किंवा अपवित्रपण बसलेले असते या समजुतीला धक्का देणारी परंपरेतली सर्वांत धीट कथा याच जिल्ह्यातली आहे. नरसीचे नामदेव गुरूच्या शोधात औंढ्याला नागनाथाच्या देवळात आले, तेव्हा विसोबा खेचर पिंडीवर पाय ठेवून पडलेले होते. नामदेव संतापले. विसोबांचे उत्तर असे की, जिथे देव नाही तिथे माझे पाय उचलून ठेव. आणि नामदेवांना तशी जागा सापडेना. या कथेचा अर्थ बहुधा देवाच्या सर्वव्यापीपणापुरता घेतला जातो. तिला दुसरी बाजूही आहे: जो पिंडीला इतर दगडांपासून वेगळे काढू देत नाही, तो बंदुकीलाही इतर लोखंडापासून वेगळे काढू देणार नाही. महाभारताच्या विराटपर्वात हाच विचार उघड शस्त्रांविषयी आला आहे. अज्ञातवासात जाताना पांडवांनी आपली शस्त्रे स्मशानातल्या शमीवर बांधली आणि लोक दूर राहावेत म्हणून जवळ एक प्रेत टांगले. वर्षानंतर अर्जुन उत्तराला झाडावर चढायला सांगतो, तेव्हा तो राजपुत्र कचरतो. प्रेताला हात कसा लावू, विटाळ होईल, म्हणतो. अर्जुन त्याला सांगतो, भिऊ नकोस, ही धनुष्ये आहेत. आपला दसरा या शमीपाशी येऊन मिळतो. शस्त्राभोवती मरणाचा वास असतो हे त्या कथेने लपवलेले नाही, उलट मुद्दाम प्रेत टांगून दाखवले आहे. आणि तरी शस्त्र हाती घ्यायला विटाळ मानलेला नाही.

यावर सरळ आक्षेप येतो. शस्त्र निर्दोष म्हणायचे तर त्याची पूजा म्हणजे युद्धाची पूजा होते. बुद्धाच्या आणि वारकऱ्यांच्या वाटेने चाललेल्या माणसाला हे कसे पटावे? वितळवून टाकावीत, नांगर करावेत. आक्षेप वजनदार आहे, आणि इतिहासाने तो आपल्यापरीने अमलातही आणला आहे. महायुद्धातल्या बहुतेक गाड्या वितळल्याच. कॅनडाहून आलेल्या फोर्ड गाड्यांच्या सांगाड्यावर इथेच चिलखती पत्रा चढवून केलेल्या, टाटानगर या नावाने ओळखल्या गेलेल्या लष्करी गाड्या युद्धकाळात हजारोंनी बनल्या. आज त्यातल्या अगदी थोड्या शिल्लक आहेत. त्यामुळे जग जास्त शांत झाले असे कुणाला म्हणता येणार नाही. त्या गाड्या कुणी बनवल्या, कुणी चालवल्या, कुठे जळाल्या याची आठवण मात्र विरळ झाली. अशोकाने कलिंगाची आठवण पुसली असती तर ते एका अर्थाने अहिंसेचेच कृत्य ठरले असते, पण त्याने ती खडकावर कोरली. पश्चात्तापालाही काहीतरी समोर असावे लागते. खंडेनवमीच्या पूजेविषयी मला वाटते ते असे, की ती शस्त्राच्या पराक्रमाची स्तुती नसते. त्या दिवशी हत्यार वापरत नाहीत. औत सोडतात, पाना खाली ठेवतात. ज्याच्यामुळे आपले चालते आणि ज्याने इजाही होऊ शकते, त्याच्यासमोर एक दिवस हात रिकामा ठेवून बसायचे, एवढाच त्या विधीचा गाभा आहे. कोयत्याला हे लागू पडते, तर कुणाच्याही हाती न चालणाऱ्या जुन्या जीपला का पडू नये?

दुसरा आक्षेप रागाचा आहे आणि मराठवाड्यात तो जास्त समजण्यासारखा आहे. इंग्रजांच्या फौजेची खाकी अंगावर चढवून, त्यांच्या बिल्ल्यांना पॉलिश करून मिरवणे ही गुलामीची हौस आहे, असे म्हणणारे म्हणतात. काही संग्राहकांच्या बाबतीत ते खरेही असेल; साहेबी ऐट हा या छंदातला एक रोग आहे. पण सामानाच्या मालकीचा हिशेब मांडला तर चित्र पालटते. दुसऱ्या महायुद्धात सुमारे २५ लाख भारतीय स्वेच्छेने फौजेत गेले आणि सुमारे ८७ हजार मेले. स्वेच्छेने हा शब्द दुष्काळी गावातल्या धाकट्या भावाला कितपत लागू पडतो, ते ज्याचे त्याने ठरवावे. युद्धाचा प्रचंड खर्च हिंदुस्थानने उचलला, आणि त्यापोटी ब्रिटनकडे या देशाची बाकी साठत जाऊन युद्धाअखेरीस ती सुमारे १३० कोटी पौंडांवर गेली. हा पैसा बंगालच्या दुष्काळाच्या वर्षांत, चलनवाढीच्या मार्गाने, गरिबाच्या ताटातून निघाला होता. त्यानंतर जुलै १९४८ च्या करारात, ब्रिटिशांनी मागे ठेवलेल्या लष्करी साठ्यापोटी आणि मालमत्तेपोटी भारताने १० कोटी पौंड त्याच बाकीतून वळते करून दिले. त्या जीपची किंमत आपण एकदा नव्हे, दोनदा मोजली आहे. ती साहेबाची भेट नव्हे.

शिवाय ब्रिटिश फौजेचे सामान म्हणजे केवळ सत्तेचे चिन्ह, असे सरसकट म्हणणाऱ्याने महार रेजिमेंटच्या बिल्ल्याकडे पाहावे. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी ब्रिटिशांनी महारांची भरती बंद केली. खरे तर डॉ. आंबेडकरांचे वडील रामजी सकपाळ याच फौजेत सुभेदार होते. भरतीचे दार उघडावे म्हणून पुढच्या पिढीने अर्ज केले, लढा दिला, आणि १ ऑक्टोबर १९४१ ला बेळगावात महार रेजिमेंट उभी राहिली. तिच्या सुरुवातीच्या बिल्ल्यावर कोरेगावचा स्तंभ होता, महार सैनिक इंग्रजांच्या बाजूने पेशव्यांविरुद्ध लढले त्या लढाईचा. स्वातंत्र्यानंतर तो काढला गेला. स्तंभ असलेला तो जुना बिल्ला आज एखाद्या संग्राहकाच्या पेटीत असेल, तर त्यात साम्राज्याची मोहोर आहे, एका समाजाचा आत्मसन्मान आहे, आणि नव्या राष्ट्राची अडचणही आहे. इटलीत १० जुलै १९४४ ला पडलेले नाईक यशवंत घाडगे आणि ९ एप्रिल १९४५ ला सेनिओ नदीकाठी लढलेले शिपाई नामदेव जाधव, हे दोघे मराठा लाइट इन्फंट्रीचे, दोघांना व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. रायगडच्या माणगावात घाडग्यांचा पुतळा आहे आणि गावकरी त्याला हार घालतात. त्या हाराला गुलामी म्हणायची कुणाची छाती आहे? राजाचा क्रॉस असला तरी मरण राजाचे नव्हते.

मात्र इथे थांबलो तर युक्तिवाद फार सोयीचा होईल, कारण ऋण एकाच दिशेने वाहत नाही. १३ सप्टेंबर १९४८ ला भारतीय सैन्य हैदराबाद संस्थानात शिरले, तेव्हा त्याच्याकडे शेरमन आणि स्टुअर्ट रणगाडे होते. महायुद्धाचेच उरलेले सामान. नळदुर्गाजवळ पहिली चकमक झाली, पाच दिवसांत निजामाने शरणागती पत्करली, आणि १७ सप्टेंबर हा दिवस मराठवाडा मुक्तिसंग्राम दिन म्हणून पाळला जातो. रझाकारांचा जाच सोसलेल्या, तेव्हाच्या परभणी जिल्ह्यातल्या हिंगोली-वसमत-कळमनुरीच्या गावांसाठी हे लोखंड सुटकेचे होते. पण त्या कारवाईनंतरच्या आठवड्यांत संस्थानात जे घडले त्याची चौकशी पंडित सुंदरलाल यांच्या समितीने केली, आणि तिच्या सावध अंदाजाने मारल्या गेलेल्यांची संख्या २७ ते ४० हजारांच्या घरात होती. त्यात बहुसंख्य मुसलमान होते, आणि उस्मानाबाद, नांदेड, बीदर, गुलबर्गा हे जिल्हे सर्वांत जास्त पोळले. हा अहवाल दशकानुदशके कपाटात राहिला. म्हणून त्या काळची एखादी गाडी आज कुणी रंगवून उभी करील, तर तिच्याकडे पाहणारा एकजण आजोबांच्या सुटकेची आठवण काढील आणि दुसरा आजोबांच्या खुनाची. आणि दोघेही तिच्याकडे बोट दाखवून खरेच बोलत असतील. गाडीला एकच धनको असतो असे मानून तिला फक्त तिरंगा आणि झेंडू लावणारा माणूस अर्धेच देणे फेडतो. या बाबतीत लष्कराची संग्रहालयेही फारशी बोलत नाहीत. अहमदनगरात, म्हणजे आताच्या अहिल्यानगरात, आर्मर्ड कोअरच्या केंद्रात १९९४ मध्ये उघडलेले रणगाड्यांचे संग्रहालय फार मोलाचे आहे. रोल्स-रॉइसच्या चिलखती गाडीपासून जपानी रणगाड्यांपर्यंत बरेच काही तिथे आहे. पण अशा ठिकाणी पाटीवर वजन, तोफेचा व्यास आणि वेग असतो. कुणावर चालली हे क्वचितच.

आता दुरुस्तीकडे येऊ, कारण संग्राहकाचे खरे तत्त्वज्ञान पान्याच्या टोकाशी ठरते. युद्धकाळात विलीज आणि फोर्ड या दोन कंपन्यांनी मिळून सुमारे ६ लाख ४० हजार जीपा बनवल्या. आराखडा एकच, भाग एकमेकांना बसणारे. फोर्डने मात्र आपल्या बोल्टांवरसुद्धा इंग्रजी एफ अक्षर उठवले. जातिवंत संग्राहक या एफवाल्या बोल्टांसाठी वर्षानुवर्षे भंगार चाळतो. आपल्याकडे १९४७ पासून महिंद्रने विलीजच्या जीपा जुळवायला घेतल्या (कंपनीचे नाव तेव्हा महिंद्र अँड महंमद होते, महंमद पाकिस्तानचे पहिले अर्थमंत्री झाले, म्हणजे फाळणी या जीपच्या नावातूनही गेली). त्यामुळे जुन्या जीपला महिंद्रचे भाग बसले, पुढे पेट्रोल परवडेना म्हणून डिझेल इंजिन आले, पत्रा तीनदा बदलला. मग ती १९४३ ची जीप राहिली का? हा प्रश्न दोन हजार वर्षांपूर्वी भिक्खू नागसेनाने यवन राजा मिलिंदाला रथाच्या निमित्ताने विचारला होता. ज्या मिलिंदाचे नाव बाबासाहेबांनी औरंगाबादच्या महाविद्यालयाला दिले तोच हा राजा. राजा, तू रथातून आलास. आस म्हणजे रथ का? चाके म्हणजे? जू म्हणजे? प्रत्येक वेळी राजा नाही म्हणतो, आणि शेवटी कबूल करतो की रथ हे या सगळ्या जुळणीला दिलेले नाव आहे. त्या अर्थाने अस्सल जीप नावाची गोष्ट नाहीच, आणि एफच्या बोल्टामागे धावणारा एका आत्म्याचा शोध घेतो जो नागसेनाच्या मते रथात नव्हता, जीपमध्येही नाही.

पण मिलिंद आणि नागसेनाचा हा संवाद ज्या ग्रंथात आहे त्याच ग्रंथात पुढे आंब्याच्या चोराचा दाखला आहे आणि तो जास्त महत्त्वाचा आहे. चोर म्हणतो, मालकाने लावली ती कोय वेगळी, मी तोडले ते आंबे वेगळे, मग माझा गुन्हा कसला? नागसेन म्हणतो, हे आंबे त्या कोयीमुळेच झाले, म्हणून तू दंडास पात्रच आहेस. ओळख एक नसली तरी कारणांची साखळी तुटत नाही, आणि देणे त्या साखळीतून पुढे येते. म्हणजे दुरुस्ती करणाऱ्याने विचारायचा प्रश्न बदलतो. ही जीप मूळची आहे का, याऐवजी इथपर्यंत ती कशी आली हे मी दाखवू शकतो का, असे विचारावे लागते. सरकारी नियम नेमका पहिल्याच प्रश्नावर उभा आहे. २०२१ च्या दुरुस्तीनुसार ५० वर्षांवरच्या गाडीला २० हजार रुपये भरून विंटेज नोंदणी आणि व्हीए मालिकेचा क्रमांक मिळतो. अट अशी की चासीस, सांगाडा किंवा इंजिनात मोठा फेरबदल नसावा. कायद्याला अशी रेषा आखावीच लागते, त्याबद्दल तक्रार नाही. पण त्याचा एक परिणाम विचित्र आहे: डिझेल इंजिन बसवून तीस वर्षे कुणाच्या तरी शेतावर राबलेल्या जीपचा तो सगळा इतिहास ‘बिघाड’ ठरतो, आणि तो पुसून टाकणे म्हणजे जीर्णोद्धार. परदेशातून मागवलेली नवीकोरी नक्कल पाटी डॅशबोर्डवर ठोकली की गाडी जणू कारखान्यातून थेट युद्धावर आणि युद्धावरून थेट प्रदर्शनात. मधला माणूस गायब.

जीर्णोद्धाराचा चांगला धडा औंढ्याच्या देवळातच उभा आहे. खालचा भाग काळ्या दगडाचा, यादवकालीन, मूर्तींनी गच्च भरलेला; वरचा भाग नंतरचा, विटा-चुन्याचा, वेगळ्या घडणीचा. मूळ शिखर औरंगजेबाच्या काळात पाडले गेले असे परंपरा सांगते, आणि वरचे बांधकाम अहिल्याबाई होळकरांच्या काळातले मानले जाते. ज्याने कुणी ते बांधले त्याने खालच्या दगडाशी बेमालूम मेळ घालण्याचा आव आणला नाही. फुटक्या मूर्ती फुटक्याच राहिल्या. देऊळ चालू झाले, पूजा सुरू झाली, आणि जिथे मोडले ती रेघ आजही कुणालाही डोळ्यांनी दिसते. लष्करी गाडीच्या बाबतीत हेच करणे शक्य आहे: गंज थांबवावा, ब्रेक चालते करावेत, पण गोळीचे भोक पुटीने बुजवू नये, शेतकऱ्याने लावलेला ट्रेलरचा आकडा कापू नये, आणि जुन्या रंगाचा एखादा हातभर पट्टा तसाच राखावा, म्हणजे थरांवर थर मोजता येतील. सुंदर दिसणार नाही, हे मान्य. स्पर्धेत गुणही कमी पडतील.

राहिला लोभाचा आक्षेप. अपरिग्रह सांगणाऱ्या या देशात एकाने चाळीस हेल्मेटे जमवावीत हे कशाचे लक्षण? इथे मला संग्राहकांची बाजू पूर्ण घेता येत नाही. बाजार वाढला की नकला वाढतात, आणि नाझी चिन्हांना मिळणारा भाव पाहिला की या छंदातल्या काहींना इतिहासापेक्षा दहशतीची चव हवी असते हे कळते. तरीही या सामानावरच एक खूण आहे जी मालकीचा भ्रम मोडायला पुरेशी आहे. ब्रिटिश फौजेच्या पट्ट्यांवर, बाटल्यांवर, अवजारांवर बाणाच्या टोकाची सरकारी खूण असे. ज्याच्या खांद्यावर तो पट्टा रुतला, ज्याचा घाम त्यात मुरला, त्याचा तो कधीच नव्हता. हरवला तर पगारातून कापला जाई. ज्याने वापरले त्याची मालकी नव्हती आणि ज्याची मालकी होती त्याने वापरले नाही. अशा वस्तूवर तिसऱ्याच कुणीतरी ऐंशी वर्षांनी मालकी सांगायची, यातला विसंगतपणा संग्राहकाला कळला तर तो आपोआप राखणदाराच्या जागी येतो.

काही वस्तूंच्या बाबतीत तर राखणदारीही जमत नाही. ब्रिटिश फौजेत सैनिकाच्या गळ्यात दोन चकत्या असत, नाव, क्रमांक आणि धर्म उठवलेल्या. धर्म यासाठी, की दहन करायचे की दफन, आणि कोणत्या विधीने, हे कळावे. साम्राज्याने शिपायाच्या धर्माची इतकी बारीक काळजी बहुधा मरणाच्या वेळीच घेतली. लाल गोल चकती मृत्यू कळवण्यासाठी काढून घ्यायची आणि हिरवी अष्टकोनी प्रेताबरोबर ठेवायची, असा दंडक होता. जो जिवंत परतला त्याच्या दोन्ही चकत्या घरी आल्या, तेव्हा पेटीतली प्रत्येक हिरवी चकती संशयास्पद नसते. पण ती कोणत्या घरातून आली हे विकणाऱ्याला सांगता येत नसेल, ती ईशान्येकडच्या एखाद्या टेकडीवर मेटल डिटेक्टर फिरवून उकरलेली असेल, तर ती जिथून निघाली तिथल्या हाडांचे नाव त्या उकरणाऱ्याने काढून आणले आहे. तिला हळदकुंकू लावून चालणार नाही. तिचा क्रमांक वाचून, युद्धस्मारकांच्या नोंदीत शोधून, ज्या पलटणीची आणि ज्या घराची ती आहे तिकडे ती जायला हवी. जपानी सैनिक आप्तेष्टांच्या सह्या घेतलेले झेंडे अंगावर बाळगून लढायला जात. विजेत्यांनी ते आठवण म्हणून उचलून नेले, आणि आता त्या विजेत्यांची मुले-नातवंडे ते जपानला परत पाठवत आहेत. घेणारी कधी सैनिकाची म्हातारी बहीण असते, कधी त्याला न पाहिलेला पुतण्या. पाठवणाऱ्याच्या भिंतीवर त्या जागी मग खिळा उरतो, आणि संग्रहाच्या यादीत त्या क्रमांकापुढे कुणाला दिला त्याचे नाव लिहावे लागते.